कैलासचा पाणी पिणारा ओटा

रविवारी सकाळी दहा वाजता गोंदियातल्या कैलास अपार्टमेंटच्या तळातल्या पार्किंगमध्ये गाड्या कमी आणि माणसं जास्त असत. रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या रॅम्पपासून आतल्या भिंतीपर्यंत रांग, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्यानं भरलेली घागर. भिंतीला लागून पांढऱ्या टाइल्सचा ओटा, ओट्यावर पितळी कमळ, आणि कमळाशेजारी वाघाच्या छापाच्या ब्लँकेटवर बसलेले जलयोगी महाराज. घागर कमळात ओतायची आणि पाहत राहायचं. ओटा पाणी पीत असे. एकशे आठ घागरी पीत असे आणि खाली थेंब सांडत नसे.

"बारा साल दरेकसा के पहाड में वरुणदेव को समझाया," महाराज सांगत. "म्हटलं, देवा, आप बेचाऱ्या गाडीवाल्यांच्या मागं काऊन लागता? तो बोले, महाराज, प्यास लगती है. बस, मैंने मुँह बना दिया. आता देव इथंच पितो, इथंच पचवतो."

देवाला पचनशक्ती असते ही माहिती ऐकून गर्दी माना डोलवी. डोलवण्यासारखं घडलंही होतं. गेल्या वर्षीपर्यंत पावसाळ्यात इथं स्कूटरची चाकं बुडत. मे महिन्यात महाराजांनी जुनी फरशी उखडून नवी टाकायला लावली, हा ओटा बांधून घेतला, आणि जुलै संपत आला तरी कैलासमध्ये कुणाची चप्पल भिजली नव्हती.

भिंतीपलीकडच्या सुयोग अपार्टमेंटच्या अध्यक्ष पुष्पाबाई कापगते गॅलरीतून त्या रांगेची शेपटी पाहत आणि त्यांचा चहा गार होई. निवृत्त गणित शिक्षिका. कैलासच्या अध्यक्ष निर्मलाबाई त्याच शाळेत सव्वीस वर्षं त्यांच्या बरोबरीनं होत्या. बरोबरीनं म्हणजे नावापुरत्या. आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार निर्मलाबाईंना, पर्यवेक्षकपद निर्मलाबाईंना, लिफ्टही आधी निर्मलाबाईंच्या बिल्डिंगला. आता देवानं मुक्कामाला यायचं ठरवलं तर तोही एक भिंत चुकवून तिकडेच गेला. आणि सुयोगच्या पार्किंगमध्ये यंदा पाणी दुप्पट.

हे दुप्पट पाणी सगळ्यात आधी शिरे ते चौकीदार ईश्वरदासच्या खोलीत. देवरीकडचा माणूस. बायको रुख्मा आणि तान्ही पोर घेऊन पार्किंगच्या कोपऱ्यात राहायचा. सुयोगवाल्यांनी महाराजांना उपाय विचारला तेव्हा महाराजांनी डोळे मिटले. "वहाँ एक बाई राहते. तिचा पायगुण ओला आहे. ती निघाली की मी ओटा बांधतो."

सभेत ठरलं, महिनाअखेर खोली रिकामी. पुष्पाबाई एकट्या विरोधात उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमाले निर्मलाबाईचं चांगलं पाहवत नाही," तिसऱ्या मजल्यावरचे दुर्गाप्रसाद म्हणाले.

ते खरं होतं, म्हणूनच फार झोंबलं. पुष्पाबाईंच्या मनात रुख्माची कणव चार आणे असेल. उरलेले बारा आणे निव्वळ जळफळाट होता. त्यांनी तो स्वतःपासून लपवला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

सोमवारी रुख्मा वर आली. पदराच्या गाठीत काहीतरी होतं.

"मास्तरीणबाई, आठ दिवस झाले, पाण्याचा थेंब नाही पडला. मंग काल दुपारी माह्या चुलीपाशी पाणी काऊन आलं? अन् हे पाहा." तिनं गाठ सोडली. झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या.

"वाऱ्यानं आल्या असतील."

"वारा ओला असते का जी? मागच्या रविवारीबी आल्या. तो अडगळीचा ढीग हाय नं भिंतीपाशी, त्याच्या खालून आल्या. सांगन कोणाले? म्हणतीन, पाहा, इच्याच पायगुणानं फुलं आली."

पुष्पाबाई पाकळ्यांकडे बघत राहिल्या. त्यांचं माहेर इटियाडोहाकडचं, कोहळी समाजातलं. बापजाद्यांनी तलाव बांधलेले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मातीची पहिली टोपली टाकण्याआधी जादा पाणी कुठून निघेल, ते ठरवायचं, हा त्या घरातला नेम. वडील म्हणत, "पाणी अडवणारा अर्धा शहाणा. पाणी कुठं जाईन हे सांगते तो पुरा." गणिताच्या बाईंना लाज वाटली. दोन महिने त्या देवावर जळत होत्या, आणि एकशे आठ घागरी गेल्या कुठं हा वजाबाकीचा प्रश्न त्यांनी मांडलाच नव्हता.

पुढच्या रविवारी कैलासच्या रांगेत पुष्पाबाई तांब्याची घागर घेऊन उभ्या होत्या. निर्मलाबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्यांना पुरस्काराच्या दिवशीही झालं नसेल.

"या पुष्पाताई. उशिरा का होईना."

"आले बाप्पा. म्हटलं, देवाले आपल्याबी हातचं पाजावं."

त्यांनी घागर उपडी केली. जांभळट लाल पाणी कमळात घळघळलं. विहिरीत टाकतात ती लाल दवा, चांगली मूठभर. महाराजांची पापणी हलली, पण जीभ तयार होती.

"देवाने रंग दाखवला. शुभ आहे, बहुत शुभ."

"हो नं महाराज. पण इथंच पचते म्हणता, तं दोन मिनिटं आमच्याकडे येता का सारेजण? देवानं तिथं काय दाखवलं ते पाहू."

कुतूहलाला भक्तीपेक्षा पाय जास्त. रांग वळली, रॅम्प चढून सुयोगच्या रॅम्पवरून खाली उतरली. ईश्वरदासनं सकाळीच अडगळ बाजूला ओढून ठेवली होती. भिंतीच्या बुडाशी एक गोल भोक उघडं पडलं होतं आणि त्यातून गुलाबी पाणी शांतपणे सुयोगच्या फरशीवर पसरत रुख्माच्या उंबऱ्याकडे निघालं होतं. मधे एक झेंडूची पाकळी.

रांगेतले सगळे वाकून पाहू लागले. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे एवढे रविवार मी या पोरीच्या चुलीत पाणी ओतलं?"

ओटा फोडायला निर्मलाबाईंनीच सांगितलं, हेही नोंदवायला हवं. कमळाखाली जाळी, जाळीखाली खड्डा, खड्ड्यातून भिंतीच्या आरपार गेलेला चार इंची पाइप. ओट्याच्या पायथ्याशी जास्वंदीच्या कुंड्यांमागं आणखी एक जाळी, पावसाच्या पाण्यासाठी. नवी फरशी अख्खी तिकडे उतरती. सुयोगची फरशी वीतभर खाली, त्यामुळे पाण्याला ढकलायचीसुद्धा गरज नव्हती.

महाराजांचा शिष्य रोशन मूळचा नळ-कामगार. "पाइप मीच टाकला जी," तो खाली मान घालून म्हणाला. "महाराज बोलले, देवाचं काम आहे, तोंड उघडू नको." महाराजांना विचारायला सगळे वळले तोवर ब्लँकेट तेवढं उरलं होतं.

पुष्पाबाईंनी विजयाचा एक घोट घेतला न घेतला तोच निर्मलाबाई बोलल्या, "आमचं पाणी तुमच्याकडे आलं, मान्य. पण तुमच्या रॅम्पखाली बिल्डरनं नाली दिली होती नं? जाळीची? ती असती तर खोलीपर्यंत पाणी गेलंच नसतं. कुठं गेली ती?"

सुयोगवाले अध्यक्षांकडे पाहू लागले. रुख्माही.

"बुजवली," पुष्पाबाई म्हणाल्या. "मीच. दोन वर्षांपूर्वी. तुमच्याकडे चमकत्या टाइल्स लागल्या, मले राहवलं नाही. जाळी दिसायला वाईट दिसे, म्हणून वरून टाइल्स मारल्या." मग रुख्माकडे वळून, "बाई, तुया पायाले उगाच नाव ठेवलं. पाणी माह्या डोळ्यांच्या गुणानं आलं."

त्याच आठवड्यात पाइप बंद झाला, टाइल्स निघाल्या आणि दोन्ही बिल्डिंगांनी मिळून काम केलं. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येणार नाही. रॅम्पच्या पायथ्याशी आडवी जाळीची नाली. शंभर फुटांना एक फूट असा उतार, शेवटी गाळ बसायला टाकी, आणि टाकीतून पंपानं नगरपालिकेच्या नालीत. ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली आणि रुख्माची चूल कोरडी राहिली. देखरेखीला दोन्ही अध्यक्षा उभ्या असत, आणि कुणाच्या बाजूचा उतार जास्त सरळ यावर त्यांचं अजून जमलेलं नाही.

पाणी भाविक नसतं आणि पाप्याचा पत्ताही विचारत नाही. त्याला फक्त उतार कळतो. तेव्हा कुणी म्हणालं, आमच्या बाबानं पाणी गायब केलं, रोग गायब केला, संकट गायब केलं, तर हात जोडायच्या आधी एकच विचारा: गेलं कुठं? आणि उत्तर मिळेपर्यंत शेजारच्या गरिबाच्या खोलीत एकदा डोकावून या.