चुनीलालबापूंचे आभार

शहाद्याच्या कापूस सोसायटीच्या कचेरीला स्प्रिंगचे दार बसले, त्याच वर्षी भाईदास पुण्याहून बी.ए. होऊन परतला आणि तिथे कारकून म्हणून लागला. दार मोठे तापट होते. सोडले की मागून येणाऱ्याच्या नाकाकडे झेपावे. म्हणून भाईदास जाता-येता ते धरून उभा राही. पुण्याच्या कॉलेजात त्याने हे पाहिले होते. पुढच्याने दार धरायचे, मागच्याने हलकेच ‘आभारी आहे’ म्हणायचे, आणि दोन अनोळखी माणसांमध्ये क्षणभर दिवा लागल्यासारखे व्हायचे.

शहाद्यात दिवा लागेना. शेतकरी सरळ आत शिरत. कोणी त्याच्या मोकळ्या हाताला आपली पिशवी अडकवून जाई. दगूबाई नावाची एक शेतकरीण तर उंबऱ्यातच थांबली.

“दार बिघडनं का, भाऊ?”

“नाही. तुमच्यासाठी धरलं आहे.”

“मंग धर. मन्ही जाऊ मांगे शे. ती हळू चालस.”

जाऊबाई यथावकाश आल्या, गेल्या. शब्द नाही. भाईदासच्या मनात काळोख साचू लागला. अखेर त्याने सूड शोधला : जो मुकाट्याने आत जाईल त्याच्या पाठीला उद्देशून तो खणखणीत आवाजात म्हणू लागला, “काही हरकत नाही.” लोक वळून पाहत, आणि आपल्या हातून काय चुकले या चिंतेत काउंटरपाशी उभे राहत.

याच सुमारास त्याच्या लग्नाचे बोलणे प्रकाशा गावच्या चुनीलाल पाटलांकडे अडकले होते. मुलगी रंजना. बघण्याच्या कार्यक्रमात तिने मान वर करून सरळ विचारले होते, “पुण्याची नदी किती रुंद आहे?” उत्तर ऐकून त्या तापीकाठच्या मुलीने जे हसू दाबले, त्यात भाईदास बुडाला तो अजून वर आला नव्हता. होकार मात्र येत नव्हता.

बाजाराच्या दिवशी चुनीलालबापू स्वतःच कचेरीत आले. भाईदासने दार धरले. बापू एक अक्षर न बोलता आत गेले, भाईदासच्याच तांब्यातले पाणी घटाघटा प्यायले, टोपी काढून त्याच्याच टेबलावर ठेवली आणि त्याच्याच खुर्चीत ऐसपैस बसले.

साचलेल्या काळोखाला वाचा फुटली.

“काही हरकत नाही,” भाईदास म्हणाला.

“कसानी हरकत?”

“मी दार धरलं होतं. आपण आभार मानले नाहीत, तरी चालेल.”

कचेरीतली टाकांची कुरकुर थांबली.  बापूंनी टोपी डोक्यावर चढवली, हात जोडले आणि कोर्टात साक्ष द्यावी तशा शाळेतल्या मराठीत म्हणाले, “आभारी आहे, साहेब.”

बाहेर जाताना दार त्यांनी स्वतःच उघडले.

भाईदासला क्षणभर जिंकल्यासारखे वाटले. हेडक्लार्क पितांबरने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

“भेटनात ना आभार? आते चौकट करीसन भीतवर टांग.”

“म्हणजे?”

“येडा शे का तू? त्यानी तुन्ह्या तांब्यानं पानी पिधं, तुन्ही खुर्चीवर बठना. होकारच दी ऱ्हायना व्हता तो. घरना पोऱ्याना कोनी आभार मानस का? तू परका व्हयना, म्हनीन भेटनात.”

भाईदास रजा न मागता धावत सुटला. स्टँडवर प्रकाशाची गाडी सुरू झालीच होती; तो कसाबसा चढला. बापू खिडकीशी बसले होते, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पुडी.

“बसा, साहेब,” ते थंडपणे म्हणाले.

भाईदासने वाटेत क्षमेची वाक्ये रचली होती, एकाहून एक सुंदर. ती सगळी त्याने गिळली. बापूंना कोपराने सरकवून तो बसला आणि न विचारता पुडीतल्या शेंगांची मूठ भरून घेतली.

बापू बाहेर पाहत राहिले. केळीचे मळे, उन्हात फाटकी पाने हलवत, मागे मागे जात होते.

“टरफलं मन्हा धोतरवर पडी ऱ्हायनात,” अखेर ते म्हणाले, आणि पुडी दोघांच्या मध्ये ठेवली.

कंडक्टर आला. भाईदासचा हात खिशाकडे गेला. बापूंनी तो दाबून धरला.

“दोन प्रकाशा.”

पुण्याचा तो शब्द भाईदासच्या जिभेवर आलाच होता. त्याने घाईघाईने तोंडात शेंगा कोंबल्या, टरफलांसकट.