बुडीतवाल्यांचं पाणी

तलावाला साठ वर्षं झाली. काठाला लव्हाळी माजली, बगळ्यांनी झाडं पांढरी केली आणि तळाशी गेलेलं गाव शहर सोयीस्करपणे विसरलं. गावातली माणसं मात्र बुडायची राहून गेली होती. त्यांना शेजारच्या टेकाडावर नेऊन बसवलं आणि नाव दिलं 'बुडीतवाले'. त्यांच्या हातचं पाणी शहरात कुणी पीत नसे. का, ते कुणालाच सांगता येत नसे. रीत इतकी पक्की होती ती बहुधा त्यामुळेच.

शहराकडे पाणी नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी, खोल तळात, लोखंडी जाळी होती. तिच्यात शेवाळ अडके. दर सोमवारी बुडीतवाल्यांतला एक पाणबुड्या खाली उतरून ती हातांनी साफ करी. तळाची त्याला खडान्‌खडा माहिती. आजोबांचं अंगणच होतं तिथं. वर आला की पंपघराच्या खिडकीतला आपला वेगळा ग्लास तो पुढे धरी आणि कारकून वरून पाणी ओती. तीस वर्षांत हाताला हात लागला नाही, थेंब सांडला नाही. सरावाचं काम.

एका सोमवारी ग्लास रिकामा करून तो पंपघराच्या साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, पाणी तपासायला माणूस घेताय म्हणे. माझ्या लेकीनं अर्ज टाकलाय. रसायनशास्त्रात पहिली आलीये."

साहेब सज्जन होते. सज्जन माणसाला नाही म्हणायला वेळ लागतो. त्यांनी आधी चष्मा पुसला.

"पोरगी हुशार आहे रे. पण तपासणाऱ्यानं पाण्यात हात घालायचा, चव घ्यायची... माझं काही नाही, लोकांचं बघावं लागतं."

"आणि मी? तीस वर्षं त्यातच डुंबतोय की!"

"तुझं वेगळं," कारकून मध्येच म्हणाला. "तू खाली असतोस. दिसत नाहीस."

त्या कचेरीत इतकं खरं पूर्वी कुणी बोललं नव्हतं.

"बरं," पाणबुड्या म्हणाला. "आता जरा दिसतो."

पुढच्या सोमवारी तो काठावर बसून राहिला. त्याच्या पुढच्याही. शहरातून पट्टीचे दोन पोहणारे आणले. एक अर्ध्यातूनच परतला. दुसऱ्याला तळाशी कुणाच्या तरी घराचा उंबरठा लागला. तो वर आला आणि कपडे घालून निघून गेला. टेकाडावर दुसरा पाणबुड्या मागितला, तर "नाही" एवढाच निरोप आला. तिसऱ्या आठवड्यात शहरातले नळ नुसते सुस्कारे टाकू लागले.

साहेबांच्या घरीही बादल्या पालथ्या पडल्या.

"अहो," बायको म्हणाली, "तो ज्यात पोहतो त्याचाच चहा तुम्ही रोज दोनदा भुरकता. मग त्याच्या लेकीनं बोट बुडवलं तर काय विटाळणार आहे? आणि लोक लोक काय करता? लोकांनी कधी तुम्हाला येऊन सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. हेच साहेबांना फार लागलं.

मुलगी कामावर रुजू झाली, पाणबुड्या तळाशी गेला, नळ वाहू लागले. नियम असा होता की तपासणाऱ्यानं आधी चव घ्यायची, मग त्याच बाटलीतलं पाणी साहेबांनी प्यायचं आणि दोघांनी सही करायची. मुलीनं दोन ग्लास भरले. आपला प्यायली. दुसरा पुढे केला.

"घ्या साहेब."

साहेबांनी ग्लास उचलला. एकदा दाराकडे पाहिलं. एकदा खिडकीकडे. बाहेर कुणी नव्हतं. मग एका दमात प्यायले.

"छान आहे हो पाणी," ते जरा मोठ्यानंच म्हणाले.

मुलीनं वहीत लिहिलं: वास नाही, चव नाही. मान वर न करता तिनं विचारलं, "साहेब, दारात कुणी उभं असतं तर प्यायला असतात?"

साहेबांचे कान तापले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. चांगले, दोनदा पुसले. मुलगी बघत होती. रुमाल हातातच राहिला, आणि आपण आत्ता काय केलं ते साहेबांना उमगलं.