बाहेरगावी गेलेला लॉनी

अलाबामातल्या त्या गावी, काळ्यांच्या माउंट निबो चर्चमध्ये, ऑगस्टातल्या परतीच्या रविवारी, बाहेरगावची माणसं घरी येतात त्या दिवशी, नावं पुकारायची पद्धत फार जुनी. आधी मेलेल्यांची, मग बाहेरगावी गेलेल्यांची. डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, तोंडपाठ नावं घ्यायचा आणि त्या त्या घरातलं कोणीतरी उठून उत्तर द्यायचं. मेलेल्यासाठी "घरी पोचला", बाहेरगावच्यासाठी "येईल". मग झाडाखाली तळलेली कोंबडी, मक्याचा पाव आणि दिवसभर गप्पा.

लॉनी टॉलिव्हरचं नाव बाहेरगावच्यांत असे. शिकागोला गेला, असं त्याच्या आईनं सांगितलं होतं. तो गेला नव्हता. कापसाच्या वजनावरून गोऱ्या मुकादमाला उलट बोलला, एवढंच त्याचं झालं, आणि नदीच्या पुलाला टांगलेला लॉनी त्याच्या बहिणीनं, आयडेलानं, पाहिला. ती तेव्हा बारा वर्षांची होती. आईनं आणि मामानं त्याला उतरवून नदीकाठी पुरलं. उजाडल्यावर आई शेजारणींना म्हणाली, "लॉनी शिकागोला गेला." खरं बोलती तर उरलेली पोरंही हातची जाती. त्या ऑगस्टात नाव पुकारलं तेव्हा आई उठून "येईल" म्हणाली. सगळ्या चर्चला ठाऊक होतं. कोणी मान वर केली नाही.

आईमागं ते उत्तर आयडेलाकडे आलं. केस पांढरे झाले तरी ती दरवर्षी उठायची.

मग परगण्यानं कोर्टासमोर दगड बसवायचं ठरवलं. जमावानं मारलेल्या काळ्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. आयडेला ठेवणीतली टोपी घालून समितीकडे गेली. समितीच्या प्रमुख प्रेंटिसबाई गोऱ्या, बोलायला मऊ.

"मिस आयडेला, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण तुमच्याच चर्चमध्ये तो बाहेरगावी गेलाय म्हणून पुकारतात. आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होती, तीही शिकागोच म्हणायची."

"तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिनं दुसरं काय म्हणायचं होतं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "चर्च काय म्हणतंय ते कळवा. मग बघू."

घरी धाकटी बहीण कोरीन शेंगा सोलत होती. ऐकून म्हणाली, "मेलेल्यांत त्याच्या नावाला तू उठलीस तर मी उठायची नाही."

"बस की. चर्चमध्ये बाकं कशाला ठेवलीत?"

"माझा पोरगा डेल्बर्ट त्याच मुकादमाच्या नातवाच्या गिरणीत आहे. उद्या जेवायला काय घालू त्याला, तुझा दगड? आईनं खोटं बोलून तुला म्हातारी होऊ दिलं, आणि तू तिलाच खोटी पाडायला निघालीस."

डीकन होशेही चुळबुळला. "सिस्टर आयडेला, ही नावं मी बापाकडून शिकलो. जागा बदलायची म्हणजे..."

"चुकीच्या जागी आहे तो, होशे. तुझ्या बापालाही माहीत होतं."

त्या रविवारी लॉनीचं नाव मेलेल्यांत आलं. आयडेला बाकाला धरून उठली. पूल सांगितला, दोर सांगितला, टांगणाऱ्या तिघांची नावं सांगितली. ती आडनावं गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर अजून होती. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी हलकेच हुंकार धरला. "घरी पोचला," आयडेला म्हणाली. कोरीन हातातल्या पंख्याकडे बघत राहिली.

प्रेंटिसबाई आठवड्याभरात घरी आल्या, केक घेऊन. "इतकी वर्षं एक, आणि दगड कोरायला घेतल्यावर दुसरं. लोक काय म्हणतील, तुम्हीच सांगा. त्याला पुरलं कुठं?"

"नदीकाठी. धरण झाल्यावर तळ्याखाली गेलं ते."

"बघा ना, म्हणजे दाखवायलाही काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. केक ठेवून गेल्या.

दगड बसला. भाषणं झाली, सरबत झालं. लॉनीचं नाव नव्हतं. दगडावर नाही म्हणजे तसं झालंच नसेल, असं आता लोक म्हणायला मोकळे झाले. पूर्वी निदान कोणी विचारत तरी नव्हतं.

डेल्बर्टला गिरणीतून कोणी काढलं नाही. नुसत्या पाळ्या कमी केल्या. कारण विचारलं तर मंदी आहे म्हणाले. गिरणीत दुसऱ्या कोणाची पाळी कमी झाली नव्हती.

"शिकागोत होता तेव्हा कुठंतरी तरी होता," कोरीन एकदा ओसरीवर म्हणाली. "मी त्याला तिथं मनानं घर बांधून दिलं होतं. बायकोसुद्धा केली होती. खोटं होतं, मला काय कळत नव्हतं?"

आयडेलाला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात डेल्बर्टची गाडी अंगणात शिरली. भर दुपारी, पाळी सुटायच्या वेळेच्या कितीतरी आधी. कोरीन मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवून त्याला वाढायला आत गेली, आणि जाताना तिनं दार लावून घेतलं.