गुणाचं लेकरू

राळेगाव तालुक्यातल्या त्या तांड्यावर लेकराची तारीफ एकाच गोष्टीवरून होई. ते काय खातं, केव्हा चालायला लागलं, याची चौकशी कोणी करत नसे. "दिवसभर झोपते का?" एवढंच विचारत. झोपत असेल तर ते गुणाचं लेकरू. कापूस वेचणीच्या दिवसांत तांड्यावरची झाडून सारी लेकरं गुणाची होत.

त्या सकाळीही राखीने फडक्यात भाकरी बांधली, बबलूला पाजलं आणि कोनाड्यातली सर्दीच्या औषधाची बाटली काढली. बबलूला सर्दी नव्हती. वर्षाचा होत आलेला पोर, दात येत होते म्हणून किरकिरत होता एवढंच. राखीने बाटलीचं झाकण भरून औषध त्याच्या तोंडात ओतलं आणि त्याला झोळीत टाकलं. यात लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही. घरोघरी हेच चाललं होतं. तिची सासू हंसाबाई तर म्हणायची, "आमच्या येळी अफूचं बोट चाटवत होतो. आता बरं हाय, दुकानातलं औषध हाय." औषधाने कधी वाईट होतं का, असा तांड्याचा भाबडा हिशेब होता.

वेशीवर ऑटोचा भोंगा वाजला. भुरीबाई बायका गोळा करून शेतोशेत वेचणीला नेत असे. तिचा एकच कायदा होता, अंगावरचं लेकरू घेऊन यायचं नाही. राखीने एकदा बबलूला नेलं होतं. झोळी बांधायला शेताच्या धुऱ्यावर झाड उरलेलं नाही, फवारणीचा वास नाकात जाळ करतो आणि लेकरू रडलं की बाईला ओळ सोडून उठावं लागतं. भुरीबाईने तेव्हाच सुनावलं होतं, "लेकरू सांभाळाचं तं घरी राह्य. कापूस वेचाचा तं ये." नवरा नेमसिंग पांढरकवड्याहून हैदराबादला ट्रक चालवायचा, पंधरवड्यातून कधीतरी घरी यायचा. त्याच्या एकट्याच्या कमाईत घर चालत नव्हतं. मग ती काय करणार?

सरकारने काही केलंच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. कामकरी बायांच्या लेकरांना सांभाळायचा खर्च सरकार करणार, अशी घोषणा झाली होती. गावातल्या अंगणवाडीत पाळणाघर मंजूर झालं. भिंतीवर हत्ती आणि मोर रंगवले गेले, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. पाटीवर लिहिलं होतं : वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच. आता कापूस काही दहाची वाट पाहत नाही. ऑटो उजाडताच सुटतो. पण ज्यांनी वेळ ठरवली ते स्वतः दहाला कामावर जाणारे, त्यांना जगातल्या सगळ्याच आया दहाला घराबाहेर पडतात असं वाटलं असावं. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात, तो हा.

राखी मागेच अंगणवाडीच्या विमलताईंना विचारून आली होती.

"बाई, उजाडता उजाडता आनलं तं ठेवून घ्यान का?"

"दहाच्या आंधी कशी उघडू? मदतनीसबी अजून देल्ली नाई मले. तुह्या सासूले सांग, दहाले आनून देत जाईन."

"तिच्या गुडघ्यानं तं अंगन वलांडनं होत नाई, बाई. गावापावतर लेकरू कसं आनन?"

विमलताईंनी हात झटकले. बाई वाईट नव्हत्या. पण पाटी त्यांनी लिहिली नव्हती आणि ती बदलायची हिंमतही त्यांच्यात नव्हती. दारातून राखीला आत एक लाकडी घोडा दिसला, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता.

तर त्या दिवशी ऑटोचा भोंगा दुसऱ्यांदा वाजला आणि राखी धावत सुटली. बबलूला औषध पाजलंय, हे सासूला सांगायचं राहून गेलं. रोजचीच गोष्ट, सांगायचं काय त्यात?

थोड्या वेळाने बबलू दातांच्या ठणक्याने कण्हू लागला. हंसाबाईला वाटलं, सून घाईत औषध द्यायचं विसरली. तिने चाचपडत बाटली काढली आणि झाकण भरून पाजलं. पुढे पोर पुन्हा कुरकुरलं, तेव्हा शेजारची रुपीबाई आपल्या नातीला कडेवर घेऊन आली. "म्हातारीले कायले तरास देतं रे?" म्हणत तिने आपल्या घरची बाटली आणली. मायेनेच आणली हो! तिघींनीही मायेनेच पाजलं. त्यानंतर बबलूने हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी राखी परतली तेव्हा हंसाबाई ओट्यावरूनच कौतुकाने म्हणाली, "आज लय गुनाचा झाला वं तुहा पोरगा. सकायपासून झोपून हाय."

राखीला बरं वाटलं. झोपलाय तर झोपू दे, तेवढ्यात भाकरी होतील, असा विचार करून तिने चूल पेटवली. पीठ मळता मळता तिच्या चोळीतून दूध पाझरू लागलं. दिवसभराचा पान्हा दाटला होता. ती हात पुसून झोळीपाशी गेली आणि तिने बबलूला उचललं. त्याची मान मागे पडली. ओठ निळसर झाले होते.

तिने फोडलेली किंकाळी तांडाभर ऐकू गेली. कोणीतरी मोटारसायकल काढली. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरने बबलूला हातात घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "याला काय दिलंय?"

"नजर लागली, साहेब," मागच्या गाडीवरून आलेली हंसाबाई घाईने म्हणाली. रुपीबाईने पदर तोंडात धरला.

"नजर नाही ही. लवकर सांगा."

राखीने एकवार सासूकडे पाहिलं. खरं सांगावं तर आईनेच विष पाजलं म्हणून जग तोंडात शेण घालेल. पोलीस येतील. पण पोराची छाती हलताना दिसत नव्हती.

"म्या देल्लं," ती म्हणाली. "झोपाचं औषध. सर्दीचं. एक झाकन."

हंसाबाई पुढे सरकली. "म्याबी देल्लं वं."

"अन् मी," रुपीबाई पुटपुटली.

डॉक्टरने प्रयत्नांची शर्थ केली. यवतमाळला न्यायला गाडी आली. पण यवतमाळ यायच्या आतच राखीच्या मांडीवर बबलू थंड झाला, आणि तिच्या चोळीतलं दूध मात्र थांबत नव्हतं.

नेमसिंग ट्रक सोडून आला. तो एवढंच म्हणाला, "कोनावर राग काढू, सांग मले." याचं उत्तर तुमच्याआमच्याकडे तरी आहे का?

दिवसकार्य झालं. कापूस कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही, पुन्हा ऑटोचा भोंगा वाजला. राखीने दाराच्या फटीतून पाहिलं, तर रुपीबाई दारातल्या ओट्यावर उभी. कडेवर नात, हातात तीच बाटली, आणि म्हातारी हमसून हमसून रडत होती. तिची सून ऑटोत जाऊन बसली होती.

"आज मलेबी वावरात निंदाले जानं हाय. काय करू वं, राखी? कोनाजवळ ठेवू हिले?"

राखी बाहेर आली. तिने बाटली घेतली आणि दगडावर आपटून फोडली. रुपीबाईची नात कडेवर घेतली आणि ती घरोघर फिरली. "लेकरं द्या माह्याजवळ. औषध पाजू नोका." काहींनी दारं लावून घेतली. जिचं पोरगं गेलं तिच्या हाती आपलं कसं द्यावं? पण काहींनी दिली. दोघी-तिघी ऑटो सोडून तिच्यासोबत गावाकडे निघाल्या. भुरीबाई ओरडत राहिली, "आज नाई आल्या तं उद्या येऊ नोका!" कोणी मागे वळलं नाही.

पाळणाघराला कुलूप होतं. कोणीतरी विमलताईंना घरून बोलावून आणलं.

"अवं, दहा तं वाजू दे," त्या दुरूनच म्हणाल्या. मग त्यांनी राखीला पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या.

"कुलूप काढा, बाई. नाई काढलं तं लेकरं घेऊन अठीच बसतो. उद्याबी, परवाबी. वरून कोनी विचारलं तं सांगजा, बबलूच्या मायनं उघडाले लावलं."

"माह्या नोकरीवर येईन, राखी."

"माहं काय गेलं ते मालूम हाय नं तुमाले?"

विमलताईंनी कुलपात किल्ली घातली. दार उघडलं. राखीने घोड्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडून काढला आणि रुपीबाईच्या नातीला त्यावर बसवलं. नवी जागा, नवी माणसं पाहून पोरीने भोकाड पसरलं. तिचं पाहून बाकीचीही रडू लागली. सारं पाळणाघर दणाणलं. विमलताई गोंधळून एकेकाला चुप करायला धावल्या.

राखीने त्यांचा हात धरला.

"रडू द्या, बाई," ती म्हणाली. "लेकरानं रडावं."

आणि ती दारात बसून ते रडणं ऐकत राहिली.