पुसलेली लाल रेघ

मी एक जुना लाकडी फळा आहे. माझ्या अंगावर श्रीलंकेचा नकाशा रंगवलेला आहे. पण तो आता कुणाला दिसत नाही, कारण माझं तोंड भिंतीकडे केलेलं आहे. मित्रांनो, सुट्टीला निघण्याआधी तुम्ही नकाशे उघडून बसता, म्हणून माझी हकीकत तुमच्या कानावर घालतो. ती गोड नाही.

बदुल्लच्या वाटेवरच्या एका डोंगरी स्टेशनात गाड्यांच्या वेळा लिहायला मला केलं. फणसाच्या लाकडाच्या चार फळ्या जोडून माझा देह झाला. ‘उशिरा’ हा शब्द माझ्यावर जितक्या वेळा लिहिला गेला, तितका दुसरा कुठलाच नाही. पुढे स्टेशनमास्तर गुणदास निवृत्त झाले, त्याच सुमारास मीही मोडीत निघालो. त्यांनी मला मागून घेतलं आणि दक्षिणेला, तांगल्लजवळच्या आपल्या गावी आणलं. समुद्रावर त्यांचं घर होतं. त्यातल्या चार खोल्या ते पाहुण्यांना देत.

मास्तरांनी मला घासून पुसून माझ्यावर सबंध बेट रंगवलं. डोंगर हिरवे, रेल्वे काळी. किनाऱ्याला मात्र दोन रंग होते. जिथे पाण्यात उतरावं तिथे निळी रेघ, उतरू नये तिथे लाल. आमच्या बेटाचा समुद्र एका बाजूला शांत असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला खवळलेला असतो, म्हणून रेघा वर्षातून दोनदा बदलाव्या लागत. आमच्या खाडीची रेघ मास्तर घरात बसून कधी काढत नसत. मे महिना लागला की सिरिपाल नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याला घेऊन ते किनारा चालत. यंदा वाळू कुठे सरकली, पाण्याची ओढ कुठून लागते, हे विचारून घेत आणि मगच ब्रश उचलत. खाली कोपऱ्यात सही करत: गुणदास, निवृत्त स्टेशनमास्तर. तारीखही घालत.

पाहुणे माझ्यापुढे उभे राहून बेत करत.

“आठ दिवसांत सगळं बेट बघायचंय,” कुणी म्हणे.

“बघाल की,” मास्तर म्हणत, “गाडीच्या काचेतून. अहो, नकाशावर वीतभर दिसतं, पण डोंगरातली गाडी म्हशीच्या चालीनं जाते. तीन जागा धरा. बाकीच्या पुढच्या जन्मी.”

तिकीट कधी काढायचं, पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीच्या दिवशी काय बंद असतं, देवळात जाताना खांदे झाकायचे, हे सगळं ते बोटानं मला टेकत टेकत सांगत. लोक वहीत लिहून घेत. मला फार अभिमान वाटे.

एका जून महिन्यात कलकत्त्याहून एक नवं जोडपं आलं. ती नीलांजना, शाळेत भूगोल शिकवणारी. तो परितोष, पाणी दिसलं की चप्पल काढणारा. दहा दिवस राहायचं ठरवूनच आले होते. मास्तरांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे आणलं आणि आमच्या खाडीवरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

“हा समुद्र आत्ता तुमचा नाही. त्रिंकोमालीला जा. तिथे तळ्यासारखं पाणी आहे.”

“पण मास्तरमोशाय, तुमच्या खोल्या रिकाम्या राहतील,” नीलांजना म्हणाली.

“राहू देत. खोलीला बुडायची भीती नाही.”

ती हसली. जाताना परितोषनं माझा फोटो घेतला. पुढे नऊ वर्षं त्यांची पत्रं येत राहिली, आणि त्यांनी पाठवलेले पाहुणेही.

मग मास्तरांचा मुलगा असंक दुबईहून परतला. त्यानं घरावर मजला चढवला. चाराच्या दहा खोल्या झाल्या आणि मेनंतर दहाही रिकाम्या राहू लागल्या. बापलेकांत रोज माझ्यासमोर वाजे.

“तात्ता, आलेल्या माणसाला दार दाखवणारं हॉटेल जगात दुसरं नसेल.”

“आणि आलेल्या माणसाला समुद्रात ढकलणारं?”

“ढकलतोय कोण? तुम्ही नुसतं गप्प बसा.”

“पुता, मी गप्प बसलो तरी हा फळा बसत नाही.”

हे ऐकून मी फुशारलो होतो. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

त्या वर्षी मास्तरांनी लाल रेघ नेहमीपेक्षा लांब काढली, सही केली, आणि मोतीबिंदू काढायला लेकीकडे कुरुनेगलला गेले. चार दिवसांनी असंक निळ्या रंगाचा डबा घेऊन आला. आमच्या खाडीवरची रेघ त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी केली. सही तशीच ठेवली. मित्रांनो, मला ओरडता आलं नाही. लाकडाला जेवढं करता येतं तेवढंच मी केलं, म्हणजे काहीच नाही.

त्याच आठवड्यात नीलांजना आणि परितोष न कळवता आले. लग्नाच्या दहाव्या वर्षी मास्तरांना चकित करायचं होतं त्यांना. पिशवी खाली ठेवण्याआधी परितोष माझ्यापुढे आला.

“अगं, बघ. यंदा निळी आहे.”

नीलांजनाला खात्री वाटेना. “मागे याच दिवसांत लाल होती ना?”

“म्हणून तर ते दरवर्षी नवी काढतात. तारीख बघ, आठ-दहा दिवसांपूर्वीची आहे.”

तिनं असंकला विचारलं, “ही रेघ मास्तरांनीच काढलीय ना?”

“त्यांच्याशिवाय इथे ब्रशला कोण हात लावणार?” असंक म्हणाला, आणि नाश्त्याला नारळाची पोल रोटी चालेल का असं विचारत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परितोष पाण्यात उतरला. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेला सिरिपाल हात वर करून धावत सुटला, तेव्हा परितोष त्याला पाहुण्यासारखा हात हलवत होता. मग ओढ लागली. सिरिपालनं होडी पाण्यात घातली. दुपारी त्यानं परितोषला आणलं, पण श्वास नव्हता.

मास्तर पहिल्या बसनं आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पोलीस माझ्यापुढे उभे होते. नीलांजना खुर्चीत बसली होती. ती रडत नव्हती.

“मास्तरमोशाय, ही रेघ तुमची?”

मास्तरांनी उघड्या डोळ्यानं मला बराच वेळ पाहिलं. मग असंककडे पाहिलं. असंकनं मान खाली घातली.

“फळा माझा आहे,” मास्तर म्हणाले. “सही माझी आहे. डोळ्यांना दिसत नव्हतं, चूक झाली.”

मित्रांनो, या माणसानं वीस वर्षं माझ्यावर खरं तेवढंच लिहिलं. लेकासाठी तो एकदाच खोटं बोलला, आणि तेही मला साक्षीला ठेवून. त्याची माया मला कळते. मी त्याला माफ केलेलं नाही.

नीलांजना उठली. “नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले, तिकडे गेलात तर आधी त्या म्हाताऱ्याला विचारा.” एवढंच बोलून ती निघून गेली. तिचं पत्र पुन्हा आलं नाही.

नंतर मास्तरांनी सुरीनं निळा रंग खरवडला. खाली लाल रेघ जशीच्या तशी होती.

“आता कशाला?” असंक म्हणाला.

“तुला दिसावी म्हणून.”

“मला दिसत होती, तात्ता.”

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी कुणाचाही बेत आखला नाही. ते मागच्या अंगणात बसून राहत, आणि दोन वर्षांनी गेले.

असंकनं मला उलटं करून रस्त्याकडच्या भिंतीवर ठोकलं. आता माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘बारा महिने समुद्रस्नान’. लोक थांबून वाचतात आणि आत येतात. गेल्या पावसाळ्यात सिरिपाल मेला. आता हात वर करून धावणारंही कुणी उरलेलं नाही.

मित्रांनो, सुट्टीला जरूर जा. समुद्र तुमचाही आहे. पण कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात उतरायचं, हे फळ्याला विचारू नका, त्याखालची सही कितीही ओळखीची असली तरी. किनाऱ्यावर जा आणि असा माणूस शोधा, ज्याचं तुम्ही राहिलात काय आणि निघून गेलात काय, काहीच अडत नाही. त्यानं नको म्हटलं, तर पायातल्या चपलासुद्धा काढू नका.