एका महिन्यावर दोन तारखा

श्रवणयंत्रे बनविणाऱ्या त्या कारखान्याचा दुरुस्ती विभाग चालू ठेवावा की बंद करावा, याचा निर्णय दुपारी तीन वाजता व्हायचा होता. त्यास आधार होता एका आलेखाचा. तो सिद्ध केला होता सुनेने, आणि विभागप्रमुख होते तिचे सासरे.

आलेखात प्रत्येक महिन्याचे दोन स्तंभ होते : निळा आलेल्या यंत्रांचा, नारिंगी दुरुस्त झालेल्यांचा. मार्चनंतर नारिंगी स्तंभ उतरत उतरत मे महिन्यात जवळजवळ जमिनीला टेकला होता.

जेवणाच्या सुट्टीत सासरे तिच्या टेबलापाशी येऊन पडद्याकडे पाहत उभे राहिले.

"सूनबाई, मे महिन्यात किती यंत्रं दुरुस्त झाली म्हणतेस?"

"एकतीस, बाबा."

"एकतीस तर मी झोपेत करीन!"

"आकडे काही मी मनाने लिहीत नाही. नोंदी तुमच्याच विभागाच्या आहेत."

"नोंदी माझ्या, मांडणी तुझी." त्यांनी दुरुस्त झालेले एक यंत्र तिच्यापुढे ठेवले. "हे मार्चच्या शेवटी आलं, मी पुरं केलं मे महिन्यात. शोध बघू तुझ्या चित्रात."

तिने क्रमांक घालून शोधले. यंत्र मार्चच्या नारिंगी स्तंभात होते. आलेखाच्या तळाशी महिने होते ते यंत्र येण्याच्या तारखेचे. त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती मागे जाऊन यंत्र आले त्या महिन्यात जमा होत होती. मे महिन्यात आलेली बहुतेक यंत्रे अद्याप टेबलावरच असल्याने मे रिकामा दिसत होता.

"म्हणजे माझी मेमधली मेहनत तू मार्चच्या पदरात घातलीस!"

"घातली खरी," ती ओशाळली. "चूक माझीच."

तिने महिन्यांची एक स्वतंत्र यादी केली आणि येण्याची व दुरुस्तीची अशा दोन्ही तारखा तिला जोडल्या. आलेख काढणाऱ्या त्या संगणक-प्रणालीत एका वेळी एकच जोडणी, येण्याच्या तारखेची, चालू राहत असे. म्हणून दुरुस्तीची संख्या मोजताना दुसरी, दुरुस्तीच्या तारखेची जोडणी वापरावी, अशी स्पष्ट सूचना तिने सूत्रात लिहिली. आलेख नव्याने उमटला. मे : एकशे चौतीस. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग दोघांचीही नजर एप्रिलवर गेली. तेथे नऊ होते.

एप्रिलमध्ये सासऱ्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती.

"फक्त मे दाखवू का?" तिने हळूच विचारले.

"मघाशी नकळत खोटं झालं. आता जाणूनबुजून करायचं?"

तीन वाजता संचालिकाबाईंनी आलेख पाहिला. "बंद करायचं कारण काही दिसत नाही. पण एप्रिलमध्ये काय झालं?"

"मी घरी होतो."

"विभागात आणखी दोघं आहेत ना?"

"त्यांना मी साफसफाईपलीकडे हात लावू देत नाही."

"मग असं करा. सहा महिन्यांच्या आत तुम्ही एक महिना पूर्ण रजा घ्यायची, आणि त्या महिन्याचा नारिंगी स्तंभ मला मेएवढा उंच दिसला पाहिजे. नाही दिसला, तर विभाग बंद करण्याचा विचार पुन्हा करू."

"मान्य."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "बाबा, जमेल ना? घरी तुम्ही पंख्यालासुद्धा कोणाला हात लावू देत नाही."

"पंख्याचं वेगळं," ते म्हणाले आणि थेट विभागात गेले. तेथे दोघांपैकी थोरल्या कारागिराला त्यांनी आपल्या खुर्चीवर बसविले, भिंग त्याच्या हाती दिले, आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले.