गाठ वाढलेली नाही

बारा वर्षांपूर्वी पंपमिस्त्रीच्या उजव्या कानाच्या नसेवर गाठ सापडली. कॅन्सर नव्हता, पण जागा अवघड. डोक्याला चौकट बसवून एकाच दिवसात किरणं दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ जाणार नाही, बहुतेक थांबेल. कान मात्र हळूहळू जाऊ शकतो."

तसंच झालं. गाठ थांबली आणि कान चोरपावलांनी गेला. मिस्त्रीने कुणाला पत्ता लागू दिला नाही. पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाशी धरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. बहिरा झाला म्हटल्यावर गिऱ्हाईक दारात उभं राहील का? तो गुपचूप डावा कान लावू लागला. बायको उजवीकडून बोलली की नुसती मान डोलवायचा.

"हल्ली फार गुणी झालात," ती म्हणायची. "सगळ्याला हो."

आठव्या वर्षी एका दुपारी तो डाव्या कुशीवर झोपला, चांगला कान उशीत. उठून पाहतो तर बायको न्हाणीघराच्या दारात पडलेली, अंग गार. शेजारीण रडत म्हणाली, "वहिनींनी दोनदा हाक मारली. तुम्ही घरात आहात म्हणून मी आले नाही."

त्या दिवसापासून मेलेल्या कानात सतत चालणाऱ्या गुणगुणीतून मधूनच हाक उमटायची. "अहो." दोनदाच. कधीकधी हातचं काम टाकून तो न्हाणीघरापर्यंत जाऊन यायचा.

यंदाच्या तपासणीला लेक सोबत होती. "गाठ वाढलेली नाही, उलट आकसलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कानात आवाज येतात?"

"येतात," तो म्हणाला, आणि मग त्याने सगळंच सांगून टाकलं.

बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "आईला माहीत होतं, तुम्हाला ऐकू येत नाही ते?"

"नव्हतं."

"म्हणजे तिला वाटलं असेल, तुम्ही ऐकूनही उठला नाहीत."

"चार वर्षं मी तेच घेऊन बसलोय, बाळा."

ती रडली. पण पुढच्याच आठवड्यात उजव्या बाजूचे आवाज डाव्या कानात पोचवणारं यंत्र तिने त्याला बसवून आणलं. कामाला ते छान चालतं. बेअरिंगं आता उजव्या बाजूनेही बोलू लागलीत. हाक मात्र थांबलेली नाही. पूर्वी उजवीकडून आली म्हणजे ती आतलीच, एवढं तरी त्याला कळायचं. आता उजवीकडचे खरे आवाजही ऐकू येतात, त्यामुळे तेही कळत नाही, म्हणून तो दर वेळी उठून पाहून येतो.